बारावा फोटो

शिरूर कासार
१० डिसेंबर १९७२

यांसी चतुराचा सप्रेम जयभीम.

तुम्ही पाठवलेले तीन रोल पोस्टानं मिळाले. डब्यांना चिकटपट्टी इतकी गुंडाळली होती की उघडताना माझं एक नख गेलं. काल दुपारी खिडकीला गोधडी लावून तिन्ही रोल धुतले. एकही फोटो वाया गेला नाही, निश्चिंत राहा.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, मच्छीमार सोसायटीच्या सभासदांचे पासबुकाचे फोटो काढायचेत, दीड महिन्याचं काम आहे. ते फोटो तर फक्त पहिल्या रोलात आहेत. दुसऱ्यात होडीची पूजा आहे, तिसऱ्यात वाळूवर वाळत घातलेली मासळी आणि जाळी शिवत बसलेले म्हातारे. आता तुमचं पत्र आलं की सेक्रेटरी गहिनीनाथ भाऊजींना सोसायटीच्या अहवालासाठी सगळ्या बंदराचे फोटो हवेत, म्हणून मुक्काम लांबणार. बीडचा माणूस तिकडं कोकणात सेक्रेटरी झाला याचा मला आनंद होता. आता तितका राहिला नाही.

समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पाहिला तो तुमच्या आईच्या हंड्यातल्या पाण्यात. लाल दिव्याखाली कागद ट्रेमध्ये टाकला की आधी होडीची काळी कड येते, मग माणसं, आणि सगळ्यात शेवटी पाणी. इकडं टँकर तीन दिवसांनी येतो, आपल्या वस्तीवर सगळ्यात शेवटी. घराला चार हंडे मिळतात. तुमचा नियम बारा पाण्यांचा. हायपोच्या औषधातून काढलेला फोटो बारा वेळा पाणी बदलून धुवायचा, नाहीतर औषध आत राहून तो पिवळा पडतो, हे तुम्हीच मला सहा वर्षं घोकून घेतलंत. मी बाराही पाणी दिली. आत्याबाई दारात उभ्या राहून लेकाचे फोटो बघत होत्या. म्हणाल्या, "आगं, समिंदर धुवायला आपल्या माठातलं पानी कावून गं? त्याला लिही, तितंच बुचकाळून धाड म्हनावं."

एक विचारायचं राहिलं. आपल्या घरात बाराच्या रोलातले अकरा फोटो गिऱ्हाइकाचे आणि बारावा माझा. लग्न असो, बारसं असो, जयंतीची मिरवणूक असो, अकरा झाले की घरी येऊन तुम्ही म्हणायचात, "चतुरा, बस जरा, एक उरलाय." भाकरी थापताना, केस विंचरताना, एकदा तर अंगात ताप असताना. पत्र्याच्या डब्यात माझे असे त्रेसष्ट फोटो आहेत. तुमच्या या तिन्ही रोलांचा बारावा फोटो एकाच बाईचा आहे. डोक्यावर मासळीची पाटी, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलेलं, आणि हसते आहे. कोण आहे ती? सहज विचारलं.

चतुरा


शिरूर कासार
७ जानेवारी १९७३

यांसी जयभीम.

तुमचं पत्र मिळालं. दोन पानं भरून लिहिलंत. भरती म्हणजे काय, ओहोटी म्हणजे काय ते समजलं. सकाळी सातचा उजेड तिकडं कसा दुधासारखा असतो तेही समजलं. माझ्याबद्दल "तब्येत जपावी" एवढं आहे. त्या बाईबद्दल काहीच नाही. मी "सहज विचारलं" असं लिहिलं, ते तुम्ही खरंच सहज धरलंत.

या खेपेला चार रोल आले. तीन रोलांत बारावा फोटो तिचाच. चौथ्यात नेमकं कुत्रं आडवं आलं आणि तुमचा बारावा फोटो त्याच्या शेपटीवर संपला. त्या कुत्र्याला माझ्याकडून भाकरी घाला.

मी फोटो धुणारी बाई आहे हे तुम्ही विसरता. सावली बघून मला वेळ कळते. चेहरा केवढा आलाय त्यावरून तुम्ही किती पावलांवर उभे होता ते कळतं. पहिल्या रोलात ती आठ पावलांवर होती. आता तीन पावलांवर आहे. पाटी खाली ठेवली आहे, कपाळावरचा घाम दिसतो आहे, पुढचा एक दात किंचित मोडका आहे तोही मला पाठ झालाय. वयानं माझ्यापेक्षा दहा वर्षांनी तरी मोठी असेल. आधी वाटलं, बरं झालं. मग वाटलं, यात बरं काय झालं?

आणि ती हसते. मोकळं, तोंडावर हात न धरता. माझ्या त्रेसष्ट फोटोंत मी हसलेला एक नाही. तुम्ही दर वेळी म्हणायचात, "हालू नको." तिला म्हणत नाही वाटतं.

इकडं फोटो काढून घ्यायला माणूसच राहिलं नाही. निम्मं गाव ऊसतोडीला गेलं, उरलेलं रस्त्याच्या कामावर खडी फोडतंय. तुम्ही तिकडं दिवसभर उजेडात, आणि मी खिडकीला गोधडी लावून अंधारात तुमचा उजेड धुतेय. माझा जीव जळतो हे लिहायला मला लाज वाटत नाही. तुम्हाला वाचायला वाटावी.

चतुरा


शिरूर कासार
१२ फेब्रुवारी १९७३

यांसी जयभीम.

गहिनीनाथ भाऊजी रजेवर आले होते. नारायणगडाला जाऊन येताना आपल्याकडं डोकावले. मी चहा केला. तुमची खुशाली विचारली तर म्हणाले, "वैनी, त्याची काळजीच करू नका. वत्सलाबाईकडं जेवतोय दोन टाईम. काय कालवन करते ती बाई! जालिंदर तर बोटं चाटून खातोय."

म्हणजे नाव वत्सलाबाई. दोन महिने मी विचारत होते ते नाव मला चहाच्या एका कपात मिळालं. विधवा आहे, एकटी राहते, घर बंदराला लागून आहे, हेही त्यांनीच सांगितलं. तुम्हाला चुलीपाशी बसवून वाढते, म्हणे. तिनं तुम्हाला जात विचारली नाही आणि तुम्ही सांगितली तेव्हा म्हणाली, मग भात कमी लागतो का. भाऊजी हे सांगून हसले. आत्याबाईंनी डोळ्याला पदर लावला. मीही लावला असता. इथं लग्नाचे फोटो काढायला तुम्हाला ओसरीच्या पुढं कोणी येऊ दिलं नाही, हे मला माहीत आहे. पण त्या बाईनं तुम्हाला जे दिलं ते मला कधीच देता येणार नाही, हे त्याच क्षणी कळलं.

भाऊजींनी आणलेले रोल धुतले. प्रती या पत्राबरोबर पाठवते आहे. सगळे फोटो व्यवस्थित आहेत. पाणी फार कमी होतं, म्हणून शेवटच्या काहींना जरा आटोपतं घेतलं.

तुमच्या आईचा गुडघा दुखतो. बाकी ठीक.

चतुरा


शिरूर कासार
२० मार्च १९७३

यांसी जयभीम.

तुमचं पत्र नाही, रोलही नाही. तरी मी लिहिते, कारण सांगायला दुसरं कोणी नाही.

आपल्या गावच्या सोसायटीचे चेअरमन विठ्ठलराव परवा दारात आले. सोसायटीनं माळावर जनावरांची छावणी काढली आहे, हजारभर बैल-गाई आहेत. साहेब लोक बघायला येणार, म्हणून फोटो हवे होते.

"जालिंदर कवा येतोय?"

"काम लांबलंय त्यांचं."

"मंग आमचं कसं?"

"मी काढते," मी म्हणाले.

विठ्ठलराव आधी हसले. "तू? छावनीत? हजार मानसांत?" मी घरातून तुमचा जुना पेटी कॅमेरा आणला आणि त्यांच्यासमोर रोल भरला. माझे हात बघून त्यांचं हसणं कमी झालं. म्हणाले, "ये मंग सकाळी. पन चेहरे नीट आले पायजेत."

सकाळी सातला गेले. माळावर नजर जाईल तिथवर जनावरं, कडब्याची धूळ, दावणीला टेकून झोपलेल्या बायका, बैलाच्या शिंगांवर वाळत टाकलेली लुगडी. सरूबाई आपल्या म्हशीच्या तोंडावरून ओला हात फिरवत होती आणि म्हैस तो हात चाटत होती. मी दाबलं. मग पुढं सरकले, पुन्हा दाबलं. लोक बघत होते, दोघं-तिघं काहीबाही बोलले. मला ऐकूच आलं नाही. ऊन कुठून येतंय, सावली कुठं पडतेय, एवढंच मनात होतं.

घरी आले तर कपाळ भाजलं होतं आणि मी गुणगुणत होते. तेव्हा कळलं तुम्ही परत का येत नाही. बाई तर आहेच. पण उजेड त्याहून वाईट. सहा वर्षं तो तुम्ही एकट्यानं घेतलात आणि मला "बस जरा, हालू नको" म्हणालात. आता मी दोघांवर जळते, तिच्यावर आणि तुमच्यावरही.

चतुरा


शिरूर कासार
१७ मे १९७३

यांसी जयभीम.

तुमचं पत्र काल मिळालं. चार वेळा वाचलं.

तुम्ही लिहिता की फेब्रुवारीत पाठवलेले बाकीचे सगळे फोटो स्वच्छ आहेत आणि फक्त वत्सलाबाईंचे पिवळे पडले, चेहरा गेला. त्याचं कारण विचारता. कारणं पुष्कळ असतात. हायपो जुना होता. कागदाचं पाकीट दिवाळीतलं होतं. तुमच्याकडची हवा खारट. आणि दुष्काळ आहे, हे तुम्हाला बंदरावर बसून दिसत नसेल. इथं माणसाला प्यायला पाणी नाही, तुम्ही फोटोच्या पाण्याचा हिशेब काय मागता?

वत्सलाबाईच्या लेकीचं तुम्ही आज लिहिताय. वत्सलाबाईला लिहिता येत नाही, सातपाटीला दिलेल्या तिच्या लेकीला वाचता येत नाही. म्हणून दर महिन्याला आईनं एक फोटो धाडायचा, हसून काढलेला, म्हणजे लेकीला समजावं की आई धडधाकट आहे. जेवणाचं काही घेत नाही, त्याऐवजी एवढंच मागितलं तिनं. हे तुम्ही मला डिसेंबरात एका ओळीत लिहिलं असतं तर तुमची शाई संपली असती का? भरती-ओहोटीला दोन पानं होती. यातली चूक माझ्या एकटीची नाही.

यापुढं रोल रत्नागिरीला धुवायला देणार म्हणता. द्या. घरी कधी येणार ते लिहिलेलं नाही. तेही लिहू नका.

चतुरा


शिरूर कासार
१९ मे १९७३

यांसी सप्रेम जयभीम.

परवाचं पत्र तुम्हाला मिळालं असेल तर त्यातला हायपो जुना होता वगैरे मजकूर खोटा आहे. हायपो ताजा होता.

सगळं सांगते. त्या दिवशी गहिनीनाथ भाऊजी गेले आणि मी कामाला बसले. बाकीच्या फोटोंना पाणी नीट दिलं. तिचे चार फोटो वेगळ्या ताटलीत काढले आणि त्यांना एकच पाणी दिलं. पाणी होतं. अर्धा हंडा शिल्लक होता. मग विहिरीत टाकायला ग्रामसेवकानं दिलेली जांभळी पूड वाटीभर पाण्यात विरघळवली आणि तुम्ही शिकवल्याप्रमाणं ताटलीतल्या पाण्यात एक थेंब सोडला. रंग राहिला तर फोटो स्वच्छ, रंग उडाला तर हायपो आत आहे. रंग लगेच उडाला. मी बघत बसले. पुन्हा एक थेंब टाकला, तोही उडाला. मला बरं वाटलं. चारही फोटो दोरीवर वाळत घातले, पाकिटात भरले, आणि हंड्यात उरलेलं पाणी माठात ओतलं.

दोन-तीन महिन्यांत तिचा चेहरा जाईल हे मला माहीत होतं. माझी एवढीच इच्छा होती की तुम्ही तिचा फोटो बघायला काढावा आणि तिथं कोणी नसावं. रोलच खराब केला असता, पण त्या पट्टीवर तुमचे बाकीचे अकरा फोटो होते. तेवढं काळीज मला झालं नाही.

आता तुमच्या पत्रातलं जे मी परवा उत्तरात घेतलं नाही, ते लिहिते. लेकीनं तो फोटो भिंतीला लावला होता. रोज आईच्या तोंडावर थोडं थोडं पिवळं चढत गेलं. आधी कपाळ गेलं, मग डोळे. लेकीला वाटलं आई चालली, आणि आपल्याला कोणी सांगत नाहीये. सातव्या महिन्यात, भरल्या पोटानं, दोन दिवस बोट आणि एस.टी. करून ती रडत आईच्या दारात आली. आई दारात मासळी साफ करत बसली होती. पोरगी तिथंच खाली बसली ती उठेना, आणि आता डॉक्टरनं बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलंय. हे मी केलं. चुलीपुढं बसले की ती भिंत दिसते मला, आणि त्यावरचा तो फोटो.

ती तुमच्याकडं बघून हसत होती असं मी पाच महिने धरून चालले. ती लेकीकडं बघत होती.

आत्याबाईंना सांगितलं. त्यांनी हातातलं सूप खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "म्या बी जळले व्हते एकदा, तुह्या सासऱ्यापायी. पन म्या निसतं भांडले. तू लई शिकलीस, हेच वंगाळ झालं." वत्सलाबाईला तुम्ही काय सांगायचं ते सांगा. खरं सांगितलंत तरी चालेल.

चतुरा


शिरूर कासार
४ जून १९७३

यांसी सप्रेम जयभीम.

तुमचं उत्तर आलं नाही. मी रोज पोस्टात जाऊन येते, पोस्टमास्तर आता मला लांबूनच मान हलवून नाही म्हणतात.

या पार्सलात वत्सलाबाईंचे फोटो आहेत. तुमच्या सगळ्या रोलांतले तिचे बारावे फोटो मी पट्टीवरून नव्यानं काढले, प्रत्येकाच्या दोन प्रती, एक आईला, एक लेकीला. टँकर आला त्या दिवशी आत्याबाईंकडं त्यांच्या वाटणीचा हंडा मागितला.

"कुनासाटी?"

"तिच्यासाठी. पाटीवालीसाठी."

"जिच्यावर जळत व्हतीस तीच ना?"

"तीच."

त्यांनी हंडा पायानं माझ्याकडं सरकवला. "घे. पन ह्या आटवड्यात माझ्या आंगुळीचं नाव काढू नगंस."

बारा पाणी दिली. अकरावं दिलं तेव्हा एक थेंब टाकून बघितला, रंग राहिला. तरी बारावं दिलं. वाळल्यावर सगळे ओळीनं मांडले आणि बघत बसले. आठ पावलं, मग पाच, मग तीन. तुम्ही जवळ जात गेलात, कारण लेकीला आईचे डोळे दिसायला हवे होते, हे आता मला कळतं. तरी सांगते, मला ती बाई आवडत नाही. तिचं हसणं फार चांगलं आहे. लेक सुखरूप सुटली की कळवा, मुलगा की मुलगी तेही कळवा. मी वाट बघते आहे.

आता माझं. छावणीचे फोटो साहेबांनी ठेवून घेतले. विठ्ठलरावांनी मला दुसरा रोल आणून दिला, म्हणाले, "रस्त्याच्या कामाचे बी काढ." गेला आठवडा मी खडीच्या ढिगांवर उभी होते. सरूबाई पाटी उचलताना, म्हाळू म्हातारा पाण्याच्या घागरीवर डोकं ठेवून झोपलेला, कामावरच्या बायका एका ओळीत बसून भाकरी खाताना. अकरा झाले. घरी आले तेव्हा आत्याबाई म्हणाल्या, "आन हिकडं, बारावा म्या काडते तुहा." मी दिला नाही. वाईट वाटलं त्यांना.

कॅमेरा बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर ठेवलाय. त्याच्या पाठीवरच्या छोट्या लाल खिडकीत बाराचा आकडा आणून थांबवलाय. बारावा निघाल्याशिवाय मी रोल बाहेर काढणार नाही, मग विठ्ठलराव दारात येऊन बसले तरी. आणि तो मला माझा मला काढता येत नाही.

पावसाळा लागला की होड्या वर ओढून ठेवतात, हे तुमच्याच पत्रात आहे. ते भरती-ओहोटीचं पत्र मी पाठ केलंय. म्हणजे या आठवड्यानंतर बंदरावर फोटो काढण्यासारखं काही उरत नाही. रागावला असाल तर रागावूनच या, घरात येऊन भांडा. पण बारावा फोटो काढा. आणि या खेपेला हालू नको म्हणू नका.

तुमची
चतुरा